सही अभ्यासासाठी दिली होती, व्हॉट्सॲप ग्रुपसाठी नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत):

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं एक गाव. पत्र लिहिणारे तिशीतले द्राक्ष बागायतदार आहेत, लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. दोन वर्षांमागं एका मेडिकल कॉलेजची टीम गावात आली होती, फवारणीचा शेतकऱ्यांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करायला. समाजमंदिरात कॅम्प लागला, रक्त-लघवी घेतली आणि ज्या पुरुषांची तयारी होती त्यांची वीर्य तपासणीही केली. "रिपोर्ट फक्त तुम्हालाच कळणार" म्हणून चार पानी फॉर्मवर सह्या घेतल्या. गेल्या महिन्यात दुसऱ्या फेरीसाठी टीममधल्या एका मुलानं सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्यात एक्सेल शीट टाकली. नाव, वय, बाग किती एकर, मुलं किती, रिपोर्ट काय, सगळं त्यात. थोड्या वेळानं डिलीट केली पण तोवर स्क्रीनशॉट गावभर झाले. आता कृषी सेवा केंद्रावर औषध आणायला गेलं तरी लोक बघून कुजबुजतात. त्यांचे प्रश्न असे: मी स्वतः सही केली, मग आता तक्रार करायचा हक्क राहिलाय का? अभ्यास बंद पाडता येईल का, माझं रक्त आणि माहिती परत घेता येईल का? नव्या डेटा कायद्यात अडीचशे कोटी भरपाई आहे म्हणे, खरं का? थोरले भाऊ म्हणतात गप बस, कोर्टात गेलास तर पेपरात नाव येईल, घराची अब्रू आधीच गेलीय. आणि मधेच टीमचा परत फोन आलाय, दुसरं सॅम्पल द्या आणि आभा नंबर (डिजिटल आरोग्य खात्याचा) पण काढून ठेवा म्हणून.

दादा,

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. हक्क राहिलाय, पूर्णच्या पूर्ण राहिलाय. आपल्याकडं कागदावर सही म्हटलं की माणसाला वाटतं आता आपले हात बांधले गेले, सोसायटीच्या कर्जापासून ते ऑपरेशनच्या फॉर्मपर्यंत हीच सवय लागलीय, त्यामुळं तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे. पण संशोधनाच्या फॉर्मवरची सही म्हणजे एका ठराविक कामासाठी दिलेली परवानगी असते. तुम्ही म्हणालात माझं रक्त तपासा, फवारणीशी ताडून बघा, निष्कर्ष काढा. गावातल्या लोकांना माझा रिपोर्ट दाखवा असं त्या चार पानांत कुठंच नसणार.

तो फॉर्म घरात असेल तर आज शोधून काढा. सातबाऱ्याच्या फाईलीत, पीकविम्याच्या कागदांत, कपाटातल्या पिशवीत, जिथं असेल तिथनं. बहुतेक ठिकाणी पहिल्या पानावर अभ्यासाचं नाव आणि मुख्य संशोधक डॉक्टरांचं नाव असतं. मधल्या पानांवर काय काय नमुने घेणार, ते किती दिवस ठेवणार हे असतं, आणि तिथंच कुठंतरी एक ओळ असते, "आपली ओळख गोपनीय ठेवली जाईल." तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. अजून एक ओळ असते की तुम्ही कधीही, कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता आणि त्याचा तुमच्या उपचारांवर काही परिणाम होणार नाही. आणि शेवटी दोन फोन नंबर असतात, एक मुख्य संशोधकाचा आणि एक एथिक्स कमिटीच्या, म्हणजे अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, सदस्य सचिवांचा. हा दुसरा नंबर लोक बघतच नाहीत आणि आपल्याला तोच लागणार आहे. फॉर्मची प्रत तुम्हाला दिलीच नसेल तर ती मागा, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं सहभागी माणसाला प्रत द्यावी लागते. दिली नसेल तर तो तक्रारीतला अजून एक मुद्दा झाला.

आता अडीचशे कोटींचं बोलू, कारण ही गोष्ट व्हॉट्सॲपवर फार चुकीची फिरतेय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात माहितीची नीट सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो हे खरं आहे. पण तो दंड आहे, सरकारच्या तिजोरीत जमा होतो, ज्याची माहिती फुटली त्याच्या खात्यावर येत नाही. या कायद्यात पीडित माणसाला भरपाई द्यायची तरतूदच नाही, आणि मला व्यक्तिशः ही त्यातली मोठी उणीव वाटते. दुसरं म्हणजे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या, म्हणजे संमती कशी घ्यायची, माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला कसं कळवायचं, या अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. त्यामुळं गेल्या महिन्यातल्या प्रकाराला हा कायदा थेट लावता येत नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. याच कायद्यात संशोधनाला सूट आहे. माहिती फक्त संशोधन किंवा आकडेवारीसाठी वापरली, तिच्यावरनं एखाद्या ठराविक माणसाबद्दल निर्णय घेतला नाही आणि नियमांत दिलेले निकष पाळले, तर कायद्यातल्या बऱ्याच अटी संशोधकांना लागू होत नाहीत. ही सूट अगदीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, आजारांचा अभ्यास करताना प्रत्येक पायरीला प्रत्येकाला परत परत विचारणं शक्य नसतं. पण त्या निकषांतही सुरक्षेची काळजी घेणं आहेच, आणि ग्रुपवर यादी टाकणं म्हणजे संशोधन नव्हे. उद्या कॉलेजचे लोक "रिसर्चला सूट आहे" म्हणाले तर हे एवढं लक्षात ठेवा.

मग आज हातात काय आहे? जुना आयटी कायदा आहे, त्याचं कलम ४३अ. वैद्यकीय माहितीसारखी नाजूक माहिती सांभाळताना हलगर्जी झाली आणि त्यातनं नुकसान झालं तर भरपाई मागता येते. दाद मागायची ती राज्याच्या आयटी खात्याच्या सचिवांपुढं, ते या कामाचे निर्णय अधिकारी असतात. नव्या कायद्याची ती तरतूद लागू झाली की हे कलम जाणार आहे, म्हणजे भरपाईचा विचार असेल तर लांबवू नका. अडचण एक आहे, हे कलम कंपनी, फर्म किंवा व्यवसाय करणाऱ्या संस्थेला लागतं. कॉलेज सरकारी असेल तर हा रस्ता बंद, खाजगी ट्रस्टचं असेल तर वाद घालता येतो. कॉलेज कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही ते बरंच केलं, पण वकिलाला मात्र सगळं सांगा. ग्राहक आयोगाकडं जा असं कुणीतरी सुचवेल, तिथं पहिलाच प्रश्न येईल की तुम्ही पैसे कुठं भरले होते, कॅम्प तर फुकट होता. त्यात वेळ घालवू नका.

कोर्टाआधी जी पायरी आहे तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे, ती म्हणजे एथिक्स कमिटी. माणसांवर कुठलाही आरोग्याचा अभ्यास करायचा तर आधी या कमिटीची मंजुरी लागते, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणं अशा कमिट्यांची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडं नोंदणी असावी लागते. कमिटीत डॉक्टर असतात, कायद्याचा माणूस असतो, समाजशास्त्राचा असतो आणि एक साधा, वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूसही असतो. अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा असावा लागतो. मंजुरी दिली की यांचं काम संपत नाही, अभ्यास चालू असताना लक्ष ठेवणं हेही त्यांचंच काम आहे, ते संशोधकाला जाब विचारू शकतात, काम थांबवायला लावू शकतात. आणि तुमच्या भावाच्या काळजीवर हेच पहिलं उत्तर आहे, कमिटीकडची तक्रार पेपरात येत नाही, तिथं सुनावणीला गर्दी नसते.

पत्र साधं लिहा. राग तुमच्या ठिकाणी बरोबर आहे पण तो कागदावर आणू नका, तारखा आणि मागण्या आणा. असं काहीसं:

"मी आपल्या संस्थेच्या अमुक अभ्यासात अमुक तारखेला सहभागी झालो. संमतीपत्रात ओळख गोपनीय ठेवण्याची लेखी हमी होती. अमुक तारखेला आपल्या टीममधील व्यक्तीने माझे नाव व तपासणीचा निष्कर्ष असलेली यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली. त्यामुळे माझी व माझ्या कुटुंबाची गावात बदनामी झाली आहे. तरी पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: माझी माहिती सध्या कोणाकोणाकडे, कोणत्या फोन व कॉम्प्युटरवर आहे, ती बाहेर कशी गेली, खाजगी फोनवरील प्रती नष्ट केल्या का, माझे उरलेले नमुने कुठे आहेत, यापुढे असे होऊ नये म्हणून काय केले. माझी संमती मी मागे घेत आहे / निर्णय होईपर्यंत स्थगित ठेवत आहे."

शेवटच्या ओळीतलं काय ठेवायचं ते पुढं बोलू. पत्राच्या दोन प्रती काढा, स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. एक प्रत मुख्य संशोधकाला, एक कमिटीच्या सदस्य सचिवांना, एक डीनना. फोनवर "बघतो, करतो" म्हणतील त्यावर थांबू नका.

आणि पुरावा जपा. तो ग्रुप सोडू नका, चॅट डिलीट करू नका. शीट कुणी, कधी टाकली ते दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, ज्याच्याकडं मूळ फाईल अजून आहे त्याला ती तशीच ठेवायला सांगा, दुसऱ्या कुणाला पाठवू नको म्हणून बजावा. पुढं कोर्टात जायची वेळ आली तर फोनमधल्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं दाखला लागतो, तो वकील करून घेतील, पण मूळ फोन तुमच्याकडं पाहिजे. बरेच लोक नेमका त्याच काळात फोन बदलतात.

ज्या मुलानं शीट टाकली त्याला कामावरनं काढा, असं तुम्ही पत्रात दोन-तीन ठिकाणी म्हटलंय. त्यानं केलं ते चूकच. पण तो बहुतेक कंत्राटी फील्ड वर्कर असणार, स्वतःच्या फोनवरनं काम करणारा, कुणीतरी त्याला "सगळ्यांना फॉलोअपचं कळव" म्हणून नावं आणि रिपोर्ट एकत्र असलेली फाईल देऊन टाकली असणार. ती फाईल त्याच्या हातात आलीच कशी, हा खरा प्रश्न. नीट चाललेल्या अभ्यासात नावांची यादी वेगळी आणि रिपोर्ट वेगळे ठेवतात, रिपोर्टवर फक्त कोड नंबर असतो आणि कोणता कोड कुणाचा हे एक-दोन जबाबदार माणसांनाच माहीत असतं. फोन करणाऱ्या मुलाला फक्त नाव आणि नंबर पुरतो, कुणाला मुलं किती आणि कुणाचा शुक्राणूंचा काऊंट किती हे त्याला कळायचं कारणच नाही. त्याला काढून कॉलेज मोकळं झालं तर पुढच्या गावात पुढचा मुलगा तीच फाईल घेऊन फिरेल. त्यामुळं बोट संस्थेकडं ठेवा.

इथं कॉलेजवाले एक आश्वासन देतील, "इथून पुढं नावं काढून टाकू." तेवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या गावात नाव काढलं तरी ओळख निघत नाही. वय चौतीस, सुपर सोनाका द्राक्षं चार एकर, लग्नाला सात वर्षं, मूल नाही, एवढं वाचलं की पारावरचा कुणीही सांगेल हा कुणाचा कोण ते. (हे आकडे मी मनानं घातलेत.) अमेरिकेत लतान्या स्वीनी नावाच्या संशोधिकेनं हे २००० साली दाखवून दिलं होतं, नुसती जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरनं तिथल्या ८७ टक्के लोकांची वेगळी ओळख पटू शकते म्हणून. तिथं कोट्यवधी लोकांत हे होतं, मग दोन-अडीच हजाराच्या गावात काय होईल? म्हणून मागणी अशी करा की गाव, बागेचं नेमकं क्षेत्र, नेमकं वय हे तपशील एकत्र कुठंही बाहेर जाऊ नयेत, लेखात नाही, प्रेझेंटेशनमध्ये नाही, विद्यार्थ्यांच्या थिसिसमध्ये पण नाही. वयाचे गट करता येतात, क्षेत्राचे गट करता येतात, तालुक्याच्या वर पातळी नेता येते. अभ्यासाचं यात काही बिघडत नाही.

आता परत घेण्याबद्दल. नमुने म्हणजे रक्त, लघवी, वीर्य यातलं जे साठवून ठेवलं असेल ते तुमचंच आहे. आयसीएमआरच्या तत्त्वांत साफ म्हटलंय की साठवलेल्या नमुन्याचा आणि माहितीचा मालक सहभागी माणूस, संस्था फक्त राखणदार. तुम्ही ते नष्ट करा म्हणून सांगू शकता. माहितीचं थोडं वेगळं आहे. ज्याचं गणित आधीच झालंय, सगळ्यांच्या सरासरीत जे मिसळलंय, ते वेगळं काढता येत नाही, आणि निष्कर्षासाठी माहिती ठेवावी लागेल असं फॉर्ममध्ये आधीच लिहिलेलं असेल तर ती ठेवतील. पण तुमच्या नावाशी जोडलेली नोंद तोडायला सांगता येते, कोणता कोड कुणाचा हे सांगणारी यादी नष्ट करायला सांगता येते. ते नक्की मागा.

आणि अभ्यासच बंद पाडायचा? इथं मला तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचंय, ऐकून घ्या, मग तुम्ही म्हणाल तसं.

आपल्या भागातनं युरोपला माल जातो तेव्हा काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बागेची नोंदणी, लॅबमध्ये रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाची, तपासणी, त्याशिवाय कंटेनर हलत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या एका औषधाच्या रेसिड्यूवरनं आपली द्राक्षं तिकडं अडकली होती तर अख्ख्या पट्ट्यात हाहाकार झाला होता. म्हणजे घडातलं औषध मोजायला यंत्रणा आहे, आणि छाटणीपासनं माल निघेपर्यंत जो माणूस ब्लोअरवर बसून तेच औषध नाकातोंडात घेतो त्याच्या रक्तात काय उतरतं हे कोण मोजतं? २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर शेतकरी-मजूर गेले तेव्हा कुठं चार दिवस चर्चा झाली. हळूहळू होणारा त्रास तर मोजल्याशिवाय दिसतच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीचं औषध बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना १९७७ साली स्वतःच जाणवलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना मुलं होत नाहीयेत, त्यांनी तपासणी मागितली, काऊंट खाली गेलेले निघाले आणि त्यातनंच पुढं त्या औषधावर बंदी आली. ते कामगार लाजून गप्प बसले असते तर ते औषध अजून किती वर्षं विकलं गेलं असतं कुणास ठाऊक.

मी असं म्हणत नाही की तुम्ही गावासाठी त्याग करा, तुमचा विश्वास मोडलाय आणि बाहेर पडणं हा तुमचा हक्क आहे, त्याचं कारण कुणाला द्यायला लागत नाही. फक्त "अभ्यास बंद करा" आणि "अभ्यास नीट करा" या दोन मागण्यांतली दुसरी लावून धरली तर तुमच्यासारख्या बाकीच्यांना पण उपयोग होईल आणि कमिटीलाही ती नाकारणं जड जाईल. म्हणून मी पत्राच्या शेवटी दोन पर्याय ठेवलेत. मला विचाराल तर आज "स्थगित" लिहा, त्यांचं उत्तर कसं येतं ते बघा, मागं घ्यायचं दार उघडंच राहतं.

भाऊंना पेपरात नाव यायची भीती आहे, ती निराधार नाही. कमिटीनं दाद दिली नाही, कॉलेज सरकारी आहे, आणि पुढं जायचं ठरलं, तर हायकोर्टात रिट याचिका करता येते. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टास्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, त्याचा आधार घेता येतो. आता त्यासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच चालू झालंय आणि सांगली जिल्हा त्यात येतो. नाव उघड होऊ नये म्हणून अर्ज करता येतो, अशा नाजूक प्रकरणात कोर्टं नाव झाकतात, पण ते कोर्टाच्या हातात आहे, मी खात्री देणार नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० ही हेल्पलाईन आहे. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नसते, पुरुषांना सहसा असते, तुमचं बसतं का विचारून घ्या.

स्क्रीनशॉट फिरवणाऱ्यांचं काय, असं तुमच्या मनात असणार. बदनामीची फौजदारी तक्रार होऊ शकते, तिथं "खरं तेच पाठवलं" एवढं म्हणून कुणी सुटत नाही, ते सांगण्यात लोकांचं हित होतं हे दाखवावं लागतं, आणि एखाद्याचा वीर्याचा रिपोर्ट गावात फिरवण्यात कसलं लोकहित? पण गावातल्या दहा जणांवर केस करून तुम्हाला तिथंच राहायचंय. ज्यानं पहिल्यांदा ग्रुपबाहेर पाठवला तो माहीत असेल तर त्याला एक वकिली नोटीस पुरे, बाकीचे आपोआप गप्प होतील. आणि त्या शीटमध्ये अजूनही नावं आहेत. त्यातल्या दोघा-तिघांना विश्वासात घ्या. ते पण तुमच्याएवढेच जळत असतील आणि चार सह्यांची तक्रार एकट्याच्या तक्रारीपेक्षा लवकर हलते.

रिपोर्टबद्दल एक. मी डॉक्टर नाही, पण हे कुठलाही डॉक्टर सांगेल की एका तपासणीवरनं निदान करत नाहीत. शरीरात ही प्रक्रिया साधारण अडीच-तीन महिन्यांची असते, मधे मोठा ताप येऊन गेला तरी आकडा खाली जातो. तो कॅम्प फवारणीच्या ऐन हंगामात होता का आठवून बघा. मिरजेत चांगले तज्ज्ञ आहेत, तिथं जाऊन स्वतःसाठी, अभ्यासाबाहेर, रीतसर परत तपासून घ्या. दोन वर्षांपूर्वीचा एक आकडा गावानं वाचला म्हणून तो तुमच्या कपाळावर लिहिला गेला असं नाही.

आणि तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय, "सात वर्षं बायकोच्याच तपासण्या चालल्या होत्या, आता हे माझ्यावर आलं." दादा, त्या सात वर्षांत तिचे रिपोर्ट घरात कुणी कुणी वाचले? जावेनं, नणंदेनं, शेजारणीनं? तिला कुणी विचारलं होतं का, तुझा रिपोर्ट यांना दाखवू का म्हणून? तुम्हाला आज कृषी सेवा केंद्राबाहेर जे वाटतं ते तिला हळदीकुंकवाला, बारशाला, प्रत्येक कार्यक्रमात वाटत आलं असणार. हे तुम्हाला टोचायला सांगत नाही. तुम्ही पत्रात घराची अब्रू गेली म्हणता, मला वाटतं अब्रू वगैरे काही गेलेली नाही, दोन माणसांची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर आलीय आणि त्यातलं एक माणूस बऱ्याच आधीपासनं हे सोसतंय. तक्रारीचा निर्णय भावाशी बोलून करण्याआधी तिच्याशी बोला. तिची इच्छा असेल तर तक्रारीवर तिची पण सही घ्या, बदनामी तिचीही झालीय.

आता दुसरं सॅम्पल आणि आभा. आभा म्हणजे तुमच्या नावाच्या डिजिटल आरोग्य खात्याचा चौदा अंकी नंबर, तो काढणं पूर्ण ऐच्छिक आहे, कुणीही सक्ती करू शकत नाही. आभा वाईट नाही, पण त्याला तुमचे दवाखान्याचे रिपोर्ट जोडता येतात, म्हणून अभ्यासवाल्यांना तो कशाला पाहिजे हे त्यांनी लेखी सांगावं. पहिल्या फॉर्ममध्ये आभाचा उल्लेख नसेल तर त्यासाठी नवीन संमती घ्यायला लागते, जुन्या सहीवर चालत नाही.

हेच बाकीच्या वाचकांनाही सांगते, कारण असे अभ्यास आता सगळीकडं चालू आहेत, कारखान्यांत ऊसतोड मजुरांचे, शाळेत मुलींच्या रक्ताचे, वस्तीवर शुगर-बीपीचे, आणि टॅबवर अंगठा घेऊन दोन मिनिटांत काम उरकतात. आशाताई ओळखीच्या असतात म्हणून आपण विचारत नाही, पण त्यांच्यावर राग न धरता विचारा: कमिटीची मंजुरी आहे का, मराठीत लिहिलेला कागद द्या, तो घरी नेऊन वाचून उद्या सही केली तर चालेल का, माझा रिपोर्ट कोण कोण बघणार, कोणाच्या फोनवर राहणार, उरलेल्या रक्ताचं काय करणार. प्रश्न विचारला म्हणून कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर तिथं सही करू नका. मुलीचं किंवा मुलाचं रक्त असेल तर अठराच्या आत आईबापाची संमती लागते, शाळेची सही पुरत नाही.

टीमचा फोन परत आला तर भांडू नका. "मी लेखी तक्रार दिलीय, कमिटीचं लेखी उत्तर आल्यावर सॅम्पलचं बघू, तोवर माझं काही ग्रुपवर टाकू नका, जे काय असेल ते माझ्या एकट्याच्या नंबरवर" एवढं बोलून ठेवा, आणि फोन कोणत्या दिवशी, कुणाचा आला ते वहीत लिहून ठेवा.